‘स्मृतिचित्रे’ : सेवा, सत्ता आणि महत्त्वाकांक्षा

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान आता वादातीत झाले आहे. १९३४ पासून हा ग्रंथ क्रमाक्रमाने चार भागांत प्रसिद्ध झाला. शेवटचा भाग वाचकांच्या हाती आला तेव्हा लेखिका हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले होते. तेव्हापासून आजपर्यंत या ग्रंथावर जे लेखन झाले त्यात भाषेचा घरगुती साधेपणा, निर्व्याज विनोद आणि प्रांजळपणा या तीन गुणांचा उल्लेख हटकून येतो. हे गुण ग्रंथात आहेत, यात शंका नाही. परंतु प्रशंसेचीही एक रूढी बनते आणि रूढी झालेली प्रशंसा ग्रंथाला निरुपद्रवी करून टाकते. ‘स्मृतिचित्रे’ हे एका ख्रिस्ती घराचे, त्या घरातील एका त्यागी पुरुषाचे आणि त्याच्या त्यागाचा रोजचा हिशेब ठेवणाऱ्या स्त्रीचे कथन आहे. नम्र सेवा हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मानला, तर ती सेवा प्रत्यक्षात कोण करते, तिचे श्रेय कोणाला मिळते आणि सेवेच्या पोटातही सत्ता कशी राहू शकते, या प्रश्नांना हा ग्रंथ थेट भिडतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार या दृष्टीने केला आहे.

या प्रश्नाची मूळ मांडणी शुभवर्तमानातच आहे. जब्दीचे दोन पुत्र याकोब व योहान येशूजवळ त्याच्या वैभवात उजवीकडची व डावीकडची जागा मागतात. मार्काच्या दहाव्या अध्यायात ही मागणी ते स्वतः करतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात त्यांची आई त्यांच्यासाठी ती करते. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. पुत्रांची महत्त्वाकांक्षा आईच्या तोंडी घातली की पुत्रांचा दोष हलका होतो, आणि स्त्रीला स्वतःसाठी काहीही मागता येत नाही हेही उघड होते. येशूच्या उत्तराचा आशय सर्वपरिचित आहे : परराष्ट्रीयांचे अधिपती सत्ता गाजवतात, शिष्यांत जो मोठा होऊ पाहील त्याने सर्वांचा सेवक व्हावे. लूक हाच वाद शेवटच्या भोजनप्रसंगी घडलेला दाखवतो, आणि योहान त्या भोजनाच्या वेळी पाय धुण्याची घटना सांगतो.

येथे मार्काने योजलेले ग्रीक क्रियापद ‘दियाकोनेइन’ पाहण्यासारखे आहे. पंक्तीत वाढणे, भोजनाची व्यवस्था पाहणे हा त्याच्या अर्थाचा एक मुख्य पदर. मनुष्याचा पुत्र सेवा करायला आला, असे सांगताना जे क्रियापद येते तेच त्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात पेत्राच्या सासूसाठी आले आहे. तिचा ताप उतरतो आणि ती उठून आलेल्यांची सरबराई करू लागते. बारा शिष्यांना जो धडा कष्टाने, वारंवार आणि बहुधा निष्फळपणे शिकवावा लागला, तो या बाईने कोणी न शिकवता आचरला होता. मात्र तिचे नाव ग्रंथकर्त्याने नोंदवलेले नाही. मराठीत ‘सेवा’ या शब्दाची व्याप्ती याहून मोठी आहे. देवाची सेवा, पतीची सेवा, देशसेवा आणि सरकारी सेवा या सर्वांना एकच शब्द पुरतो. महाविद्यालयीन कार्यालयांत नित्य उच्चारला जाणारा ‘सेवाज्येष्ठता’ हा शब्द तर जब्दीच्या पुत्रांना फारच आवडला असता.

ख्रिस्ती धर्मविचारात अहंकार हे पापाचे मूळ आणि आत्मविलोपन हा त्यावरील उपाय, अशी धारणा दीर्घकाळ प्रबळ राहिली. १९६० मध्ये व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने एका निबंधात या धारणेला मूलभूत आक्षेप घेतला. अहंकार, सत्तेची लालसा, दुसऱ्यावर स्वतःला लादणे ही पापाची वर्णने पुरुषांच्या अनुभवातून आलेली आहेत. स्त्रीचा मोह वेगळा असतो, तो स्वतःला इतका विखरून टाकण्याचा असतो की अखेर ‘स्व’ म्हणून काही उरतच नाही, असे तिचे प्रतिपादन होते. अशा व्यक्तीला नम्रतेचा उपदेश करणे म्हणजे आजाऱ्याला त्याच्या आजाराचेच औषध देणे होय. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेंझा यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात आरंभीच्या ख्रिस्ती समाजातील स्त्रियांच्या विस्मृत सहभागाचा जो शोध घेतला, त्यानेही या विचाराला बळ मिळाले. ‘स्मृतिचित्रे’ या साऱ्याच्या कितीतरी आधी लिहिली गेली. लक्ष्मीबाईंनी धर्मशास्त्राची परिभाषा वापरलेली नाही. त्यांनी घर दाखवले आहे.

आणि ते घर टिळकांच्या घरापासून सुरू होत नाही, ही बाब समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. ग्रंथाचा आरंभ माहेरापासून, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरापासून होतो. १८५७ च्या उठावातील सहभागाबद्दल लक्ष्मीबाईंच्या मातामहांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुण्याचा हव्यास, विटाळाची अखंड धास्ती, आणि त्या धास्तीभोवती फिरणारे घरातील बायकामुलांचे आयुष्य, हे सारे लक्ष्मीबाई हसत सांगतात. वडील दुष्ट नाहीत. ते प्रामाणिकपणे धार्मिक आहेत, आणि तोच घराचा जाच आहे. एका पुरुषाच्या पावित्र्याची किंमत घरातील इतरांनी अंगमेहनतीने चुकवायची, हा ग्रंथातील पहिला धडा होय. पुढे पतीच्या घरी पावित्र्याची जागा औदार्य घेते. सोवळे जाते, दार सताड उघडे पडते, येणारा प्रत्येक जण आपला होतो. नैतिकदृष्ट्या ही दोन घरे दोन टोकांना आहेत. घरातील बाईच्या श्रमाच्या बाजूने पाहिले तर मात्र त्यांच्यातील अंतर वाटते तितके उरत नाही. लक्ष्मीबाई ही तुलना शब्दांत कोठेही करत नाहीत. प्रकरणांचा क्रम ती करतो.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे महत्त्वाकांक्षी पुरुष होते, असे म्हणण्यात त्यांचा अवमान नाही. कवित्व, वक्तृत्व, संस्कृतचे ज्ञान आणि देशाच्या पुनरुत्थानासाठी नवा धर्म हवा ही तळमळ घेऊन ते गावोगाव फिरले. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगर येथे – आजच्या अहिल्यानगरात – अध्यापन, धर्मोपदेश, कीर्तन, काव्यरचना आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन असे बहुविध कार्य त्यांनी केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे.

मिशनच्या रचनेत सेवा आणि सत्ता यांची गुंतागुंत टिळकांनी जवळून पाहिली. परदेशी मिशनरी स्वतःला सेवक म्हणवीत. पैसा, नेमणुका आणि अंतिम निर्णय मात्र त्यांच्या हाती असत. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरैया यांनी नेमक्या या दुखण्यावर बोट ठेवले होते. परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाचे ऋण मान्य करून त्यांनी त्याहून साधी आणि अधिक अवघड गोष्ट मागितली : बरोबरीची मैत्री. देणारा आपले सर्वस्व देऊनही घेणाऱ्याच्या वरच राहू शकतो, हे त्या मागणीमागील निदान होते. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. चर्च ही परकीय संस्था न राहता या मातीतला भक्तसंघ व्हावा, हा त्यांचा हेतू तत्कालीन परिस्थितीत धाडसाचा होता.

तरीही ‘दरबार’ या नावापाशी थांबावे लागते. सत्ता सोडून निघालेल्या माणसाने आपल्या बंधुसंघासाठी राजसभेचा शब्द निवडावा, यात काही विसंगती आहे का? संतपरंपरेत देव हाच राजा आणि भक्त सारे त्याचे चाकर, ही प्रतिमा रुळलेली आहे. त्या अर्थाने पाहता देव सिंहासनावर बसला की इतर सर्व समान पातळीवर येतात. टिळकांना हाच अर्थ अभिप्रेत होता हे उघड आहे. पण दरबार म्हटला की जागा आल्या, मानकरी आले, आणि उजवी-डावी बाजूही आली. पदाचा त्याग करणाऱ्याचे नैतिक वजन पदावर असताना होते त्याहून वाढते. वेतनधारी उपदेशकाशी वाद घालता येतो. सर्वस्व सोडलेल्या संन्याशाशी वाद कसा घालावा? विशेषतः घरातल्या माणसाने?

या प्रश्नाचे उत्तर ‘स्मृतिचित्रे’च्या निवेदनशैलीत आहे. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख सर्वत्र ‘टिळक’ असा करतात. रमाबाई रानडे यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत न्यायमूर्तींसाठी ‘स्वतः’ हा शब्द योजला आहे. त्या योजनेत पतीचे नाव न घेण्याची मर्यादा आहे, आणि घरात ‘स्वतः’ म्हणण्याजोगी व्यक्ती एकच होती ही अनाहूत कबुलीही आहे. लक्ष्मीबाईंचे ‘टिळक’ हे संबोधन आदर राखते, पण अंतरही राखते. त्या अंतरामुळे पती हे निवेदनातील एक पात्र होऊ शकते. त्याच्याकडे पाहता येते, त्याला हसता येते. टिळक न सांगता घरातून निघून जातात. हाती आलेला पैसा घरी पोचण्यापूर्वी कोणा गरजवंताकडे जातो. विद्यार्थी, निराश्रित मुले, पाहुणे यांची भर पडत राहते. संताप क्षणात येतो आणि पश्चात्तापही तितक्याच वेगाने. बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवी या घरात मुलासारखा वावरला, हे मराठी कवितेचे भाग्यच. परंतु त्या घरातील स्वयंपाकघर कोणी चालवले, हा प्रश्न काव्येतिहासात विचारला जात नाही. ‘स्मृतिचित्रे’त तो पानोपानी उभा आहे. टिळक देतात आणि लक्ष्मीबाई पुरवतात. देणे ही घटना असते, म्हणून तिची आख्यायिका होते. पुरवणे रोज घडते, त्याची आख्यायिका होत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद हा न सांगितलेला अर्धा भाग कथेत परत आणून ठेवतो. त्याला केवळ ‘निर्व्याज’ म्हणणे म्हणजे त्याची धार म्यानात घालणे होय.

टिळकांनी ज्यांना पूल मानले त्या तुकोबांच्या घराची आठवण येथे अपरिहार्य आहे. कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली आणि धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली, अशी परंपरा सांगते. आपले तेवढेच सोडावे, दुसऱ्याचे सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा विवेक त्या कथेत आहे. तो विवेक भावापुरता राहिला. जिजाईच्या वाट्याचा विचार झाल्याचे कथा सांगत नाही, आणि चरित्रकारांनी तिला कजाग ठरवून प्रकरण मिटवले. विठ्ठलपंतांच्या कथेत मात्र गुरू संन्याशाला घरी परत पाठवतो, कारण मागे पत्नी आहे. एका माणसाच्या संन्यासात दुसऱ्याचे आयुष्य गुंतलेले असते, हे मराठी मनाला आळंदीपासून ठाऊक आहे. तरी जिजाईची आणि रुक्मिणीबाईंची बाजू त्यांच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेली नाही. ‘स्मृतिचित्रे’ने मराठीत प्रथमच भक्ताच्या पत्नीची बाजू सलग, विस्ताराने आणि तिच्याच भाषेत मांडली. या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व येथे शोधले पाहिजे.

याचा अर्थ ‘स्मृतिचित्रे’ हे तक्रारपत्र आहे असा नव्हे. स्त्रीवादी वाचनाच्या उत्साहात काही वेळा लक्ष्मीबाईंना मूक बळी ठरवले जाते. ते वाचन ग्रंथावर अन्याय करणारे आहे, कारण या बाई मूक तर मुळीच नाहीत. टिळकांच्या धर्मांतरानंतर त्या सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या, त्या काळात पंढरपुरासही त्यांचे वास्तव्य झाले. पुढे त्या परतल्या आणि तेव्हाही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळेओवळे त्यांनी सांभाळले. जातिभेद देवाने केला नसून माणसांनी केला आहे, या निष्कर्षाला त्या पतीच्या उपदेशाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने आल्या, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. हा निर्णय ग्रंथातील सर्वांत महत्त्वाच्या घटनांपैकी एक आहे. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आज्ञापालन म्हणून केलेली सेवा आणि पटल्यावर पत्करलेली सेवा यांतील भेद येथे लख्ख दिसतो. पुढे घरात आलेल्या अनाथांना त्यांनी जे प्रेम दिले ते या दुसऱ्या प्रकारचे आहे. टिळकांवरील त्यांचे प्रेमही ग्रंथात सर्वत्र आहे. ते नसते तर त्यांचा विनोद कडवट झाला असता. अनुवादकांना हा तोल नावातून पकडताना पडलेले कष्ट बोलके आहेत. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० च्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’ असे आहे, म्हणजे मागून चालणारी. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाच्या उपशीर्षकात पत्नी ‘स्पिरिटेड’, म्हणजे बाणेदार झाली आहे. पहिल्या नावात अनुसरण आहे, दुसऱ्यात बाणा. दोन्ही नावे तिला पत्नी म्हणूनच ओळखतात.

पत्नीपद ज्या स्त्रीच्या वाटेत नव्हते, तिच्या बाबतीत नम्रतेची मागणी कोणी केली, हे पाहण्यासाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण उपयोगी पडते. वैधव्यानंतर इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंचा १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. १८८५ मध्ये चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी विरोध केला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात – तो अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या खंडाद्वारे १९७७ मध्ये प्रकाशात आला – हा संघर्ष स्पष्ट दिसतो. एका बाजूस आज्ञाधारकतेची अपेक्षा, दुसऱ्या बाजूस सदसद्विवेकबुद्धीचा आग्रह. रमाबाईंच्या नकाराला गर्व मानले गेले. हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिलेल्या विदुषीला ज्यांनी गर्विष्ठ ठरवले, ते स्वतः मात्र धर्मपीठाच्या अधिकाराने बोलत होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांची सेवा करणाऱ्या आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलाच्या सुबोध मराठी भाषांतरात गढलेल्या रमाबाईंनी सेवेला कधी नकार दिला नाही. आपण सेवा कशी करावी हे दुसऱ्याने ठरवण्यास त्यांचा नकार होता. लक्ष्मीबाईंना असा उघड संघर्ष करण्याचा प्रसंग आला नाही; त्यांच्यापुढे धर्मपीठ नव्हते, प्रेमळ आणि त्यागी नवरा होता. ते प्रकरण अधिक बिकट.

लक्ष्मीबाईंना महत्त्वाकांक्षा होती का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर ‘ख्रिस्तायना’त आहे. १६१६ मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर ख्रिस्तचरित्रावर मराठीत मोठे काव्य रचावे, ही टिळकांची आकांक्षा. त्यांच्या हातून सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे शिकवली, जिला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, तिने त्या काव्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. याला पतीच्या अपुऱ्या कार्याची पूर्तता म्हणण्याचा प्रघात आहे, आणि लक्ष्मीबाईंनाही बहुधा तेच म्हणणे आवडले असते. परंतु दहा-अकरा अध्यायांना चौसष्ट अध्याय जोडणे याला पूर्तता म्हणता येईल का? आरंभाच्या कितीतरी पट मोठी ही रचना स्वतंत्र काव्यनिर्मितीची आकांक्षा असल्याशिवाय उभी राहत नाही. जब्दीच्या पुत्रांच्या आईने स्वतःसाठी काही मागितले नव्हते. लक्ष्मीबाईंनीही मागितले नाही. त्यांनी पतीच्या नावाच्या आडोशाने ते करून ठेवले. मराठी समीक्षेने ‘स्मृतिचित्रे’ला डोक्यावर घेतले आणि ‘ख्रिस्तायना’कडे पाठ फिरवली. आत्मचरित्रात बाई घरात दिसते म्हणून ती आवडते, महाकाव्याच्या ठिकाणी ती अनपेक्षित वाटते, हेही त्याचे एक कारण असू शकते. त्या चौसष्ट अध्यायांचा काव्य म्हणून कस लावण्याचे काम अद्याप व्हायचे आहे. अखेरचा एक अध्याय त्यांच्याकडून राहिला. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी लिहिला.